दोन मजल्यांची साक्ष

आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त झाली.

आता हे वाक्य विसरा. मी ते लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही. साक्षीअभावी ते रद्द ठरलेलं आहे. कसं, ते पुढे येईलच. तूर्तास आमची लिफ्ट बिघडलेली आहे, कालही बिघडलेली होती, आणि सगळं सुरळीत पार पडलं तर उद्याही बिघडलेलीच राहील.

लिफ्ट जुन्या पद्धतीची. सरकवायचं जाळीचं दार, आत एक घडीचं स्टूल आणि एक आरसा, ज्यात माणूस दिसतो पण तो आपणच याची खात्री पटत नाही. ती चालत नाही असं नाही. चालते, पण स्वतःच्या मनाने. पाचव्याचं बटण दाबलं की कधी पाचव्यावर नेते, कधी तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये थांबून विचार करत बसते, तर कधी तळमजल्यावरून हलतच नाही. मेकॅनिक येतो, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन काहीतरी दाबतो, ती मुकाट्याने चालायला लागते. मेकॅनिक गल्लीच्या टोकाला पोचतो न पोचतो तोच हिचं ये रे माझ्या मागल्या.

पूर्वी यावर उपाय म्हणून दारावर चिठ्ठ्या लागायच्या. 'बंद आहे.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'चालू आहे.' त्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'चालू आहे, पण'. या 'पण'च्या पुढे काय लिहायचं होतं ते कधीच कळलं नाही. लिहिणारा बहुधा खात्री करायला आत गेला असावा.

याच सुमारास माझे बाबा निवृत्त झाले. बाबा वजनकाटे तपासायच्या खात्यात होते. आयुष्यभर दुकानादुकानांत जाऊन त्यांनी काटे खरे आहेत की खोटे ते पाहिलं, त्यामुळे त्यांच्याशी मनापासून गप्पा मारणारा माणूस त्यांना आयुष्यभर भेटला नाही. ते दुकानात शिरले की गप्पा थांबायच्या. निवृत्तीनंतर आम्ही या इमारतीत राहायला आलो, चौथ्या मजल्यावर. इथे तर शिरायला दुकानही नव्हतं. घरात काटा एकच, स्वयंपाकघरातला. तो बाबांनी पहिल्याच आठवड्यात नापास केला. मग ते बटाटे हातात धरून वजन सांगू लागले. मग एके दिवशी आईला म्हणाले, "तुझ्या चहाच्या दोन कपांत तफावत आहे."

आईने मला गॅलरीत नेलं आणि दार लोटलं.

"अरे, हा माणूस भिंतीशी बोलायला लागायच्या आत काहीतरी कर."

"मी काय करू?"

"तू त्या वेबसाइट करतोस ना लोकांच्या? एक यांची कर."

"बाबांची वेबसाइट? त्यावर टाकू काय?"

"यांनाच टाक," आई म्हणाली.

माझ्या धंद्याबद्दल सांगायचं तर, मी दुकानदारांना वेबसाइट बनवून देतो, आणि मग दुकानदार आणि मी असे दोघंजण ती बघतो. त्यात दुकानदार लवकर कंटाळतो. त्यामुळे या वेळी मी ठरवलं की बघायची वेबसाइट करायचीच नाही, लिहायची करायची. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याने लिहिलेलं खोडावं, खोडलेलं परत आणावं. मालक कुणीच नाही. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. मी त्या वेळी त्याच्यातच अडकलो होतो, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये.

साइटचं नाव ठेवलं 'आमची लिफ्ट'. पत्ता एका कागदावर लिहून तो बरोबर त्या 'पण'च्या पुढे चिकटवला.

पहिले काही दिवस फक्त बाबा लिहीत होते. 'सकाळी खाली गेलो. लिफ्ट आली.' 'दुपारी खाली गेलो. आली नाही.' खाली कुणाचं काही नाही. मी रोज वेगवेगळ्या खोट्या नावांनी 'वा, उपयुक्त माहिती' असं लिहायच्या बेतात होतो, तेवढ्यात पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिली दुरुस्ती केली. बाबांच्या 'आली नाही'च्या जागी त्यांनी लिहिलं, 'आली होती, पण तुम्ही गेल्यावर.'

बाबा खुर्चीत ताठ बसले. कुणीतरी त्यांची चूक काढली होती! त्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं.

मग धरण फुटावं तसं सुरू झालं. सहाव्या मजल्यावर एकजण ट्रंपेट वाजवतो. उदरनिर्वाह त्यावरच, म्हणून कुणी काही बोलत नाही. त्याने लिहिलं, 'मी सर्वांत वरचा सूर लावला की लिफ्ट थांबते.' त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या ऑडिटरांनी चर्चेच्या पानावर लिहिलं, 'लिफ्टला कान आहेत हे सिद्ध झालेले नाही.' त्यावर ट्रंपेटवाल्याने लिहिलं, 'ऑडिटरांना आहेत का?' त्यावर बाबांनी लिहिलं, 'कृपया लिफ्टबद्दलच बोलावे,' आणि स्वतः मोठ्याने हसले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, बाबांना ठसका लागला.

पण बाबा खात्यातला माणूस. जो येईल तो काहीही लिहील हे त्यांना खपेना. काट्यावर शिक्का मारायचा तर दोन वेगळ्या माणसांच्या सह्या लागतात, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी साइटवर नियम केला: कुठलीही नोंद दोन साक्षीदार असल्याशिवाय मुख्य पानावर येणार नाही, आणि ते दोघं वेगवेगळ्या मजल्यांवरचे असले पाहिजेत.

"का? एकाच मजल्यावरचे दोघं का नाही चालत?" मी विचारलं.

"एका घरातली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात," बाबा म्हणाले.

"आपल्या घरात?" आईने आतून विचारलं.

नियमाचा परिणाम मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. साक्ष हवी तर दुसऱ्या मजल्यावर जाऊन माणूस शोधायला हवा. दार वाजवायला हवं. "मी दातांची, पाचव्यावरची. आत्ता लिफ्ट दोनदा थरथरली ते तुम्हालाही जाणवलं का?" असं विचारायला हवं. ज्या इमारतीत लोक एकमेकांना फक्त पाठीवरून ओळखत होते, तिथे ते एकमेकांना लिफ्टच्या थरथरीबद्दल शपथेवर विचारू लागले. आणि शपथेवर विचारलं की माणूस 'या, बसा' म्हणतोच.

सगळ्यांत मोठी लढाई एका क्रियापदावरून झाली. ऑडिटरांनी लिहिलं, लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये 'थांबते'. बाबांनी ते खोडून 'विसावते' केलं. ऑडिटरांनी परत 'थांबते'. बाबांचं म्हणणं, थांबणं म्हणजे बंद पडणं, आणि ही तर थोड्या वेळाने आपणहून निघते. ऑडिटरांचं म्हणणं, पगारी नोकराने विसावू नये. रोज सकाळी बाबा दात घासायच्या आधी कंप्यूटर उघडून बघायचे.

"केलं त्या माणसाने परत 'थांबते'!" ते आनंदाने ओरडायचे. "हरामखोर जागा असतो!"

दुसरा शोध लागला तो 'सोबत'. जाळीच्या दारामुळे अडकलेला माणूस बाहेरच्याला दिसतो आणि बाहेरचा त्याला. डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की अडकलेल्याला एकटं ठेवू नये, कुणीतरी जिन्याच्या पायरीवर बसून त्याच्याशी बोलावं. झालं, साइटवर 'सोबतीच्या पाळ्या' नावाचं पान तयार झालं. कुणी अडकलं की आतून फोनवर एकच शब्द टाकायचा, 'आहे.' ज्याची पाळी असेल तो चप्पल घालून निघायचा. पाळी नसलेलेही यायचे, कारण पाळीवाला काय बोलतो यावर त्यांचा विश्वास नसे. डॉक्टरीणबाईंनी एकदा जाळीतून ट्रंपेटवाल्याची दाढ बघितली, "आ करा, अजून मोठा, हं, ही काढावी लागेल" असं म्हणून. ऑडिटरांनी पायरीवर बसून त्याच्याच करांचा हिशेब पुरा करून दिला. बाहेर आल्यावर ट्रंपेटवाला म्हणाला, "आतच बरं होतं."

आणि बाबा. बाबांची पाळी असो-नसो, ते पायरीवर असायचेच. त्यांना लोक 'लिफ्टकाका' म्हणू लागले. "हे काय नाव आहे?" असं म्हणून त्यांनी नाराजी दाखवली, आणि त्यानंतर दाराची बेल वाजली की दुसऱ्यांदा वाजायच्या आत ते दारात. बटाट्यांचं वजन सांगणं बंद झालं. एकदा आईने मुद्दाम दोन कपांत वेगवेगळा चहा ओतला. बाबांनी न बघता पिऊन टाकला. आई माझ्याकडे बघून डोळे पुसत म्हणाली, "वाफ लागली."

मग आले मेकॅनिकसाहेब, त्यांच्या नेहमीच्या फेरीला.

बाबा तळमजल्यावरच उभे होते. मेकॅनिक गच्चीकडे निघाला तर बाबांनी त्याला दंडाला धरून थांबवलं आणि फोन पुढे केला. कशासाठी, तर कौतुकासाठी. दुसरा हेतू नव्हता. नातवाचा फोटो दाखवावा तसं ते त्याला साइट दाखवत होते.

"हे बघा. प्रत्येक मजल्याचं वेगळं पान. दाराचा आवाज, बटणाचा प्रतिसाद, कुठे थांबते... म्हणजे विसावते. प्रत्येक नोंदीला दोन मजल्यांची साक्ष."

मेकॅनिकने पायरीवर बसून वाचायला घेतलं. वाचत राहिला. बाबा त्याच्या डोक्यावरून वाकून तेच परत वाचत होते. मधूनच म्हणत होते, "हे माझं आहे. हेही."

"तुमच्याकडे तळमजला आहे, पहिला आहे, दुसरा आहे," मेकॅनिक म्हणाला. "मग एकदम चौथा. तिसऱ्याचं पान कुठे?"

"तिसऱ्यावर कुणी राहत नाही. घर बंद आहे."

"म्हणून तिसऱ्याची एकही नोंद नाही?"

"साक्ष कोण देणार?"

"मग तिसऱ्यावरचं लिफ्टचं दार शेवटचं कुणी उघडलं?"

तिसऱ्यावर कुणी उतरत नव्हतं, कुणी चढत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, खोडून, भांडून, शपथा घेऊन लिफ्टचा कोपरा न् कोपरा लिहून काढला होता. फक्त जिथे साक्षीदार नव्हता तिथे लिफ्टच नाही असं धरून चाललो होतो. सगळ्या नोंदी सांगत होत्या की ती तिसऱ्यापाशी अडते, आणि तिसऱ्याबद्दल एक ओळ नव्हती.

मेकॅनिक उठून तिसऱ्यावर गेला. दाराच्या चौकटीत एक बारका स्विच असतो. दार नीट लागलंय हे तो लिफ्टला सांगतो. तो सैल झाला होता. लिफ्ट जवळून गेली की थरथरून सुटायचा, आणि लिफ्टला वाटायचं, तिसऱ्यावर कुणीतरी दार उघडलंय. बिचारी थांबायची. तिच्या बाजूने बघितलं तर ती सभ्यपणा करत होती.

त्याने तो आवळला. एका स्क्रूचं काम.

"एवढी वर्षं मी वर मशीनमध्ये शोधतोय," तो खाली येऊन म्हणाला. "काका, तुमच्या त्या पानामुळे सापडलं बघा. नाहीतर जन्मात सापडलं नसतं."

बाबा "वा, वा" म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही याआधी फक्त ऐकलं होतं. आता चौथ्या मजल्यावर राहायला आलं.

आणि लिफ्ट चालायला लागली. आता, मी सुरुवातीला सांगितलंय तसं, हे झालेलं नाही. पण झालं असतं तर काय झालं असतं ते सांगतो. बटण दाबलं असतं की ती आली असती. दार लागलं असतं, सूं करून वर गेली असती. डॉक्टरीणबाई आत शिरल्या असत्या आणि पाचव्यावर निघाल्या असत्या, मध्ये कुणालाही न भेटता. फोनवर 'आहे' आला नसता. साइटवरची शेवटची नोंद दिवसेंदिवस शेवटचीच राहिली असती. 'थांबते' की 'विसावते' यावर सकाळी काही बदललेलं नसतं, आणि बाबा दात घासायला गेले असते, सरळ, कंप्यूटर न उघडता.

एका संध्याकाळी मी घरी आलो तर बाबा स्वयंपाकघरात एक बटाटा हातात घेऊन उभे होते. वजन सांगत नव्हते. नुसते धरून होते.

मी हातपाय मारले. साइटवर नवी पानं काढली. 'आमची पाण्याची टाकी': टाकीत काही दोष नव्हता. 'आमचा जिना': जिना कुणाला अडकवत नाही. 'समोरच्या इमारतीचा कुत्रा' या पानावर ट्रंपेटवाल्याने एक ओळ लिहिली, 'भुंकतो.' पाचव्या मजल्याने साक्ष दिली. विषय संपला.

"तू उगाच धडपडू नकोस," बाबा म्हणाले. "लोकांची गरज संपली. काटा बरोबर असला की तपासनीसाकडे कोण बघतं?"

आणि अशात एका रविवारी बेल वाजली. दारात ऑडिटर, इस्त्रीच्या शर्टात, हातात लॅपटॉप.

"काका, पानावर खोटं लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "पानावर लिफ्ट नादुरुस्त आहे आणि प्रत्यक्षात ती दुरुस्त आहे. मी दुरुस्तीची नोंद घालायला आलोय."

"घाला की."

"घातली. दुसऱ्या मजल्याची साक्ष, म्हणजे माझी, लागली. दुसरी साक्ष मिळत नाही."

"कुणाला विचारलंत?"

"सगळ्यांना!" ऑडिटर खुर्चीत बसले. "डॉक्टरीणबाई म्हणतात, मी हल्ली जिन्यानेच जाते, गुडघ्यांना चांगलं. आत्ता माझ्यासमोर लिफ्टमधून बाहेर पडल्या! मी म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणतात, मी कुठे काय पाहिलं, माझे डोळे मिटलेले होते. तो ट्रंपेटवाला म्हणतो, मला काही ऐकू येत नाही, फार वाजवतो मी. तळमजल्यावरच्यांना लिफ्ट लागत नाही. पहिल्यावरच्यांनी दारच उघडलं नाही, आतून म्हणाले, आम्ही नाही आहोत."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांना कळायला वेळ लागला. मग कळलं. सबंध इमारत काय करत होती ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं, मजल्यामजल्याने.

"म्हणून तुमच्याकडे आलो," ऑडिटर म्हणाले. "तुम्ही काल लिफ्टने आलात. मी पाहिलंय. चौथा मजला. तुम्ही साक्ष द्या."

आई आतून बाहेर आली. ती पदराला हात पुसत उभी राहिली. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणू शकता की तुम्ही जिन्याने आलात."

"मी लिफ्टने आलो," बाबा म्हणाले.

"हो, पण म्हणायला..."

"मी जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासले रे. आता माझ्या बाजूला झुकतोय म्हणून काटा बरोबर म्हणू?"

ते कंप्यूटरपाशी गेले. चष्मा लावला. दुरुस्तीची नोंद उघडली. खाली ऑडिटरांची साक्ष होती. तिच्याखाली बाबांनी एका बोटाने टाइप केलं, 'चौथा मजला: मी पाहिले आहे.' आणि बटण दाबायला बोट उचललं. बोट हवेतच राहिलं क्षणभर, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये राहावं तसं. मग त्यांनी दाबलं.

लिफ्ट दुरुस्त झाली होती. आता अधिकृतपणे.

ऑडिटर स्क्रीनकडे बघत होते. त्यांचा चेहरा आनंदी दिसायला हवा होता.

"असं कसं?" ते म्हणाले.

"काय असं कसं?"

"तुम्ही सरळ दिलीत साक्ष? वाद नाही, काही नाही? मला वाटलं, तुम्ही म्हणाल, दुरुस्त म्हणजे नक्की काय. मला वाटलं, तुम्ही 'दुरुस्त' खोडून 'तात्पुरती बरी' वगैरे कराल. मी तयारी करून आलो होतो, काका!" त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला. खरंच पानभर मुद्दे काढून ठेवले होते. "किती दिवसांत माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. ऑफिसात मी बोललो की लोक 'हो सर' म्हणतात. घरी मी एकटा. सकाळी उठून बघतो तर 'थांबते' तसंच. कुणी हात लावलेला नाही."

"मी म्हटलं, आता काय उपयोग," बाबा म्हणाले.

"उपयोग? 'विसावते' कधी उपयोगाचं होतं का?"

"होतं," बाबा एकदम ताठ झाले. "थांबणं आणि विसावणं यात फरक आहे."

"काडीचा नाही."

"ऑडिटरसाहेब, तुम्हाला भाषेतलं ओ का ठो कळत नाही."

"हं!" ऑडिटर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी खटकन केलं. "तर मग मी माझी साक्ष मागे घेतो."

"कुठली?"

"दुरुस्तीची. मागे घेता येते ना? नियमात आहे. तुम्हीच केलाय."

नियमात होतं. साक्षीदाराने साक्ष मागे घेतली तर नोंद आपोआप उतरते, हे बाबांनीच मला करायला लावलं होतं, दुकानदार नंतर जबानी फिरवतात म्हणून. पानाने एकदा डोळे मिचकावले आणि दुरुस्तीची ओळ निघून गेली. मुख्य पानावर लिफ्ट परत बिघडली.

"पण तुम्ही पाहिलंत ना ती चालताना?" बाबा म्हणाले.

"पाहिलं. पण मी माझ्या डोळ्यांचं ऑडिट केलेलं नाही."

आई चहा टाकायला आत गेली. कपांत किती तफावत होती ते सांगायला कुणी मोकळं नव्हतं, कारण दोघं रात्रीच्या जेवणापर्यंत 'विसावते'वर भांडत होते. मध्ये ट्रंपेटवाला साक्ष द्यायला लागू नये म्हणून लपायला आमच्याकडे आला आणि राहिला. डॉक्टरीणबाई डोळे मिटून लिफ्टने आल्या.

तरी बाबांचं समाधान होईना. खात्यातला माणूस! दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासायच्या आधी, ते म्हणाले, "नोंद एक सांगते आणि वस्तू एक. ही विसंगती ठेवता येणार नाही. दोन्ही जुळले पाहिजेत."

"मग नोंद बदला," मी म्हटलं.

"नोंद बदलायला साक्ष नाही. नियम म्हणजे नियम." त्यांनी चष्मा पुसला. "तेव्हा वस्तू बदलावी लागेल."

अर्ज साइटवर सगळ्यांनी मिळून लिहिला. मसुदा बाबांचा. स्वल्पविराम ऑडिटरांचे, 'विसावणे' हा शब्द त्यांनी रात्री खोडला होता, सकाळी तो परत आला आहे. तिसरा मुद्दा ट्रंपेटवाल्याने घातला आणि डॉक्टरीणबाईंनी त्यातली भाषा स्वच्छ केली. अर्ज लिफ्टच्या कंपनीला पाठवला आहे, तो असा:

'प्रति, देखभाल व दुरुस्ती विभाग.

विषय: लिफ्ट पूर्ववत नादुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या मेकॅनिकने आमच्या इमारतीतील लिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरील एक स्क्रू आवळल्याचा संशय आहे. सदर घटनेस पुरेसे साक्षीदार उपलब्ध नाहीत. तथापि, आमच्या अधिकृत नोंदीनुसार लिफ्ट नादुरुस्त असून, प्रत्यक्षात ती चालत असल्याने गंभीर विसंगती निर्माण झाली आहे व रहिवाशांची एकमेकांवाचून गैरसोय होत आहे.

सबब विनंती की: एक, सदर स्क्रू आपल्या जबाबदार तंत्रज्ञामार्फत, सुरक्षिततेचे सर्व नियम पाळून, होता तितकाच सैल करून मिळावा. दोन, तो सैल असताना लिफ्ट कुठे व किती वेळ विसावत असे याची नोंद आमच्याकडे आहे. ती दोन मजल्यांच्या साक्षीने पुरवण्यात येईल. तीन, हे काम सहाव्या मजल्यावरील रहिवाशाच्या सरावाच्या वेळेत करू नये.

वरीलप्रमाणे करणे आपल्या नियमांत बसत नसल्यास, लिफ्टला निदान दिवसातून एकदा, तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मध्ये, आत किमान एक माणूस असताना, थोडा वेळ विसावण्याची लेखी परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती.'